डिझेल रोख, भाडं उधार

डिझेल महागलं की वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे पंपावर पोचतात. स्कूटरवर बसलेला एखादा नोकरदार सांगतो, महिन्याचं गणित कोलमडलं. मागे उभ्या असलेल्या काकू सांगतात, आता भाजीही महागणार. मग स्टुडिओत दोन पक्षांचे प्रवक्ते येतात. एक म्हणतो केंद्राने कर कमी करावा, दुसरा म्हणतो राज्याने करावा. अर्ध्या तासात विषय संपतो आणि जाहिराती लागतात. या सगळ्या गोंगाटात, ज्याच्या टाकीत एका वेळी दोनशे-तीनशे लिटर डिझेल जातं त्या माणसाला कुणी एक साधा प्रश्न विचारत नाही: डिझेल वाढलं, तुझं भाडं वाढलं का?

उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं. ड्रायव्हर आणि गाडीमालकांच्या संतापाचं मूळ मला या ‘नाही’त दिसतं. जगात तेल महाग होतं, स्वस्त होतं, ते आपल्या हातात नाही. पण ते महाग झाल्यावर भार कुणी उचलायचा हे माणसं ठरवतात, आणि आपल्याकडे ते कधीच ठरून गेलंय. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याने उचलायचा.

आधी हिशोब करू

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावदा पट्ट्यातून केळ्यांचे ट्रक दिल्लीकडे जातात. अंतर साधारण अकराशे किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर जाते असं धरा. या धंद्यात त्याला ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. म्हणजे एका बाजूला पावणेतीनशे लिटर डिझेल. आता २०२२ सालचे २२ मार्च ते ६ एप्रिल हे सोळा दिवस आठवा. त्या सोळा दिवसांत चौदा वेळा दर वाढले, बहुतेक वेळा ८० पैशांनी, आणि डिझेल लिटरमागे एकूण दहा रुपयांनी चढलं. आपल्या केळ्यांच्या गाडीला याचा अर्थ जाताना २,७५० रुपये आणि जाऊन-येऊन साडेपाच हजार रुपये. महिन्याला तीन फेऱ्या धरल्या तर साडेसोळा हजार.

हे साडेसोळा हजार कुठून काढायचे? फायनान्सवाल्याचा हप्ता ठरलेला आहे. टोल फास्टॅगमधून आपोआप कापला जातो. विमा, पासिंग आणि टायर यांत घासाघीस फार होत नाही. माल उतरवताना हमाली आणि वाराईवरून भांडण होतं, पण पैसे द्यावेच लागतात. उरतं ते मालकाचं घरखर्चाचं आणि ड्रायव्हरचा पगार-भत्ता. कात्री तिथेच लागते.

मग भाडं वाढवून मागावं, असं तुम्ही म्हणाल. पण भाडं ठरतं कसं ते पाहा. माल पाठवणारी कंपनी ट्रान्सपोर्टरला काम देते, ट्रान्सपोर्टर दलालाला फोन लावतो, दलाल चौकात उभ्या असलेल्या गाड्यांपैकी जी स्वस्त मिळेल ती पाठवतो. देशातल्या बहुतेक ट्रकमालकांकडे पाचपेक्षा कमी गाड्या आहेत, आणि अनेकांकडे एकच, तीही कर्जावर. मोठ्या कंपनीच्या वर्षभराच्या करारात डिझेलवाढीचं कलम असतंही, पण ते अनेकदा ट्रान्सपोर्टरपाशी येऊन थांबतं. खालच्या ‘मार्केटच्या गाडी’ला ते दिसतसुद्धा नाही. तिला दलाल एक आकडा सांगतो. परवडत असेल तर घे, नाहीतर मागे दहा गाड्या उभ्या आहेत.

आणि तो आकडाही हातात लगेच पडत नाही. माल भरताना अ‍ॅडव्हान्स मिळतो आणि बाकी मिळते पोच पावती परत आणून दिल्यावर, पंधरा दिवसांनी, महिन्याने, कधी त्याहून उशिरा. पंपावर मात्र उधारी चालली तरी ती व्याजासकट फेडावी लागते. डिझेल रोख, भाडं उधार. आज ठरलेल्या भाड्यावर पुढचे तीन दिवस वाढत्या दराने डिझेल भरायचं आणि पैसे मिळेपर्यंत दर आणखी कुठे गेला असेल त्याचा विचार करायचा नाही, हा या धंद्याचा नियम आहे. गाडी चालवली तर थोडा तोटा, उभी ठेवली तर जास्त तोटा, कारण उभी गाडीसुद्धा हप्ता खाते. म्हणून गाडी चालत राहते. आणि गाड्या चालताहेत म्हणजे परवडत असेल, असा निष्कर्ष आपण एसी खोलीत बसून काढतो.

रस्त्यावर सगळ्यांना सूत्र आहे

आता जरा त्याच रस्त्यावरच्या बाकीच्यांकडे पाहू.

ज्या ठेकेदाराने राष्ट्रीय महामार्ग बांधला, त्याच्या करारात भाववाढीचं सूत्र असतं. सिमेंट, पोलाद आणि डांबराबरोबर इंधन हाही त्या सूत्रातला एक घटक असतो. डिझेल वाढलं तर बिल वाढतं, आणि त्याला कुणी भीक म्हणत नाही, करार म्हणतात. रस्ता तयार झाल्यावर टोल लागतो. २००८ च्या नियमांनुसार राष्ट्रीय महामार्गाचा टोल दरवर्षी ३ टक्के अधिक घाऊक महागाईच्या वाढीचे ४० टक्के, असा आपोआप वाढतो. त्यासाठी कुणाला मोर्चा काढावा लागत नाही. १ एप्रिल उजाडला की झालं.

विमान कंपन्या आणि मोठ्या कुरिअर कंपन्या फ्युएल सरचार्ज लावतात आणि तो बदलत राहतो. जहाज कंपन्यांच्या भाड्यात इंधनाचा वेगळा आकार असतो. सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला आहे, आणि तो असलाच पाहिजे. मुंबईच्या रिक्षा-टॅक्सीसाठी आधी हकीम समितीचं आणि मग खटुआ समितीचं सूत्र आलं. त्याची अंमलबजावणी रडतखडत होते, पण होते: १ फेब्रुवारी २०२५ ला रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ रुपये आणि टॅक्सीचं २८ वरून ३१ रुपये झालं. एसटीनेही २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के भाडेवाढ केली.

सूत्र असूनही एसटीची गत काय झाली तेही पाहण्यासारखं आहे. मार्च २०२२ मध्ये तेल कंपन्यांनी घाऊक ग्राहकांसाठी डिझेल एका झटक्यात लिटरमागे साधारण २५ रुपयांनी महाग केलं. मुंबईत घाऊक दर १२२ रुपयांवर गेला तेव्हा साध्या पंपावर तो ९४ रुपये होता. एसटीने काय केलं? आगारातल्या टाक्या सोडून खासगी पंपांवर गाड्या न्यायला सुरुवात केली. सरकारी महामंडळाला जिथे स्वस्त तिथे जायची पळवाट होती. केळ्यांच्या गाडीला असा दुसरा पंप नाही. फार तर गुजरातेतून येताना सीमेअलीकडे टाकी फुल करून घ्यायची, एवढीच तिची चलाखी.

थोडक्यात, रस्ता बांधणाऱ्याला, टोल घेणाऱ्याला आणि पार्सल पाठवणाऱ्या बड्या कंपनीला सूत्र आहे. त्या रस्त्यावर, तो टोल भरून, तेच पार्सल वाहणाऱ्या एकट्या गाडीला नाही.

आणि हा बाजार आहे म्हणे

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. डिझेलचा दर बाजारावर सोडलाय, धंद्यात जोखीम असतेच, सरकार काय करणार. तर मग हा बाजार कसा चालतो ते पाहू.

१९ ऑक्टोबर २०१४ पासून डिझेल नियंत्रणमुक्त झालं. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहा वाजता नवा दर लागू होऊ लागला. कागदावर हे चोख आहे: जगात तेल चढलं तर आपल्याकडे चढेल, उतरलं तर उतरेल. चढताना तसं झालंही. उतरताना मधे कर आडवा आला. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात कच्चं तेल कोसळत होतं, तेव्हा केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, भारत घेतो त्या कच्च्या तेलाची सरासरी किंमत पिंपाला २० डॉलरच्या खाली गेली. मे महिन्यात डिझेलवरचं शुल्क एकदम १३ रुपयांनी वाढलं. २०१४ च्या एप्रिलमध्ये लिटरला ३ रुपये ५६ पैसे असलेलं शुल्क ३१ रुपये ८३ पैसे झालं. नंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये १० आणि मे २०२२ मध्ये ६ रुपयांची कपात झाली, आणि ती ‘दिलासा’ म्हणून जाहीर झाली. आधी जे घेतलं त्यातलं थोडं परत देण्याला दिलासा म्हणायचं असेल तर म्हणा.

राज्यांचे हातही स्वच्छ नाहीत. व्हॅट टक्क्यांत असतो, म्हणजे मूळ दर वाढला की राज्याचं उत्पन्न बसल्या जागी वाढतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने शुल्क घटवल्यावर अनेक राज्यांनी व्हॅट कमी केला, महाराष्ट्राने तेव्हा केला नाही. सरकार बदलल्यावर जुलै २०२२ मध्ये डिझेलवर तीन रुपये कमी झाले. दुसरीकडे केंद्राने डिझेलवरच्या शुल्काचा मोठा भाग उपकर आणि विशेष अतिरिक्त शुल्काच्या खात्यात टाकला, ज्यात राज्यांना वाटा मिळत नाही. २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर ३१ रुपये ८० पैशांपैकी राज्यांबरोबर वाटून घ्यायचं मूळ शुल्क होतं फक्त १ रुपया ८० पैसे. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, त्यात डिझेल घेतलं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि परिषदेने तो बाजूला ठेवला. या एका मुद्द्यावर सगळ्या पक्षांच्या सरकारांचं छान जमतं.

बाजाराचा आणखी एक चमत्कार. ४ नोव्हेंबर २०२१ पासून १३७ दिवस तेल कंपन्यांनी दर हलवला नाही. त्या काळात उत्तर प्रदेश, पंजाब, गोव्यासह पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला, ब्रेंट तेल शंभर डॉलरच्या वर गेलं, तरी रोज सकाळी सहाचा बदल गाढ झोपेत. १० मार्चला निकाल लागले आणि २२ मार्चला बाजार जागा झाला. मग ते चौदा धक्के. त्यानंतर पुन्हा शांतता. तेल उतरल्यावर २०२३-२४ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांचा एकत्रित नफा ८० हजार कोटींच्या पुढे गेला. २०२२ मध्ये त्यांनी तोटाही सोसला होता, हे मान्य. पंपावर त्या नफ्यातून काय आलं? मार्च २०२४ मध्ये दोन रुपये, लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या एक दिवस आधी.

तीन कंपन्यांनी एकाच सकाळी ८० पैसे वाढवले तर तो बाजार. गाडीमालकांनी एकत्र येऊन भाडं वाढवायचं म्हटलं तर? सप्टेंबर २०१२ मध्ये डिझेल एका दिवसात पाच रुपयांनी वाढलं. ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसने भाडेवाढीचं आवाहन केलं, आणि त्यावरून संगनमताची तक्रार भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेली. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ते हेच.

वाचलेलं डिझेल कुठे जातं

‘तोटा होतो तर धंदा सोडा’ म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. हा तोटा ट्रकच्या केबिनमध्ये राहत नाही, तो आपल्या रस्त्यावर येतो.

मालक ड्रायव्हरला अ‍ॅव्हरेज बांधून देतो. अमुक फेरीला अमुक लिटर, जास्त लागलं तर पगारातून कापलं जाणार. दर वाढला की हे अ‍ॅव्हरेज आणखी आवळलं जातं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, चांगली गोष्ट झाली. पण एसी डिझेलवर चालतो. ज्याला लिटर मोजून दिलेत तो मे महिन्यात बऱ्हाणपूरजवळ एसी लावेल की काच खाली करेल? केबिनचा नियम झाला, डिझेलचा झाला नाही.

गाडीत माल जास्त भरायचा, टायर आणखी एक फेरी ओढायचा, झोप पुढच्या ढाब्यावर ढकलायची. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायदा १९६१ सालचा होता, तो दिवसाला आठ तास काम सांगत होता. पण तो पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. एका गाडीच्या मालकाला आणि त्याच्या एकट्या ड्रायव्हरला तो ओळखतच नव्हता.

आणि उतार. पुण्यात राहणाऱ्याला नवा कात्रज बोगदा ते नवले पूल हा उतार सांगावा लागत नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने कित्येक गाड्या चिरडल्या. आधी ब्रेक निकामी झाल्याचं बोललं गेलं. मग तपासात गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये असल्याचं पुढे आलं. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतार उतरायचा, तेवढंच डिझेल वाचतं, ही जुनी सवय आहे. असं करणारा ड्रायव्हर गुन्हा करतो, यात शंका नाही, आणि त्याला शिक्षा व्हावी. पण तो ज्या पाव लिटरसाठी हे करतो, त्या पाव लिटरचे पैसे माल पाठवणाऱ्या कंपनीने वाचवलेले असतात, हेही कुठेतरी नोंदलं जावं. पंचनाम्यात ट्रकचा नंबर येतो, ड्रायव्हरचं नाव येतं. भाडं किती ठरलं होतं ते येत नाही.

दहा ओळींचा प्रोग्रॅम

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून एक गोष्ट खात्रीने सांगू शकतो. भाडं डिझेलच्या दराला जोडणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. हिंजवडीत पाऊस सुरू झाला की कॅबचं भाडं बघता बघता दीडपट होतं. मागणी किती, गाड्या किती, वाहतूक कशी, सगळं मोजून किंमत बदलणारं सॉफ्टवेअर रोज चालतं. केंद्राच्या नियमावलीने या वाढीला मर्यादाही घालून दिल्या आहेत. या सगळ्या गणितात प्रवाशाची गरज हा आकडा आहे. ड्रायव्हरचा खर्च हा आकडा नाही. तो टाकायचा नाही असं कुणीतरी ठरवलंय, कारण तो टाकला तर स्वस्त भाड्याची जाहिरात करता येत नाही.

माल वाहतुकीत तर उलटाच खेळ आहे. बड्या कंपन्या ऑनलाइन उलटा लिलाव करतात. स्क्रीनवर सगळ्यात कमी भाडं बोलेल त्याला काम. एका बाजूला दर दाखवणारा हा फलक क्षणाक्षणाला खाली येतो, दुसऱ्या बाजूला पंपावरचा फलक वर जातो. दोन्ही फलक आमच्याच क्षेत्रातल्या लोकांनी बनवलेत. पहिल्याला दुसरा दिसावा, एवढीच मागणी आहे.

सूत्र तर शाळेतलं आहे. डिझेल एक रुपयाने वाढलं तर एक रुपया भागिले अ‍ॅव्हरेज, तेवढं किलोमीटरमागे भाडं वाढवायचं. चारच्या अ‍ॅव्हरेजला किलोमीटरमागे २५ पैसे. डिझेल उतरलं तर तेवढंच कमी करायचं. माल भरला त्या दिवशीचा दर बिल्टीवर छापायचा, माल उतरला त्या दिवशीचा दर पाहायचा, फरक बाकीत मिळवायचा किंवा वजा करायचा. अमेरिकेत ट्रकच्या भाड्याला असा इंधन अधिभार सर्रास लावतात. तिथली सरकारी ऊर्जा माहिती संस्था दर आठवड्याला डिझेलचा सरासरी दर जाहीर करते आणि करार त्याच्याकडे बोट दाखवतात. आपल्याकडे तर दर रोज जाहीर होतो. आकडा आहे, मोबाइल आहे, बिल्टीही आता ऑनलाइन निघते. नाही ते कलम.

‘पण मग भाजी महागेल’

हा सगळ्यात जुना आक्षेप. पुन्हा आपली केळी घेऊ. गाडीत सोळा टन माल आहे. डिझेल दहा रुपयांनी वाढलं, जायच्या-यायच्या साडेपाच हजारांचा सगळा भार केळ्यांवर टाकला, परतीच्या मालावर एक पैसाही नाही. किलोमागे होतात सुमारे ३४ पैसे. दिल्लीत केळी खाणारा हे ३४ पैसे सहज देईल, खरं तर त्याला कळणारही नाही. पण ते सोळा हजार किलोंवर वाटण्याऐवजी एका माणसावर टाकले की त्याचं घर हलतं. इतक्या जणांत विभागून नाहीसा होणारा खर्च मुद्दाम एकाच्या डोक्यावर ठेवणं, याला महागाईविरोधी धोरण म्हणणं हा विनोद आहे. शिवाय डिझेल वाढल्याचं कारण सांगून दुकानात भाव वाढतातच. वाढलेल्यातले पैसे गाडीपर्यंत पोचत नाहीत, एवढंच.

दुसरा आक्षेप माझ्या वयाच्या मित्रांकडून येतो आणि तो मला पटतोही. डिझेल धूर ओकतं, हवामान बिघडतंय, मग ते महाग असलेलंच बरं. ठीक. पण महाग डिझेलने कुणाचं वागणं बदलायला हवं? माल ट्रकने पाठवायचा की रेल्वेने, अर्धी रिकामी गाडी पळवायची की भरेपर्यंत थांबायचं, गोदाम कुठे बांधायचं, हे ठरवतो माल पाठवणारा. त्याच्यापर्यंत डिझेलचा दर पोचतच नाही, कारण तो मधेच गाडीवाला गिळतो. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला किंमत कळत नाही, आणि ज्याला किंमत कळते त्याच्या हातात फक्त स्टिअरिंग आहे. प्रदूषण कमी व्हावं असं खरंच वाटत असेल तर भाडं डिझेलला जोडण्याची मागणी पर्यावरणवाद्यांनी आधी करायला हवी.

मागायचं काय

इथे मला वाहतूकदार संघटनांशीही भांडायचं आहे. जुलै २०१८ मध्ये देशभर आठ दिवस चक्का जाम झाला. डिझेल स्वस्त करा, जीएसटीत आणा, या प्रमुख मागण्यांपैकी होत्या. शेवटी आश्वासनं मिळाली, गाड्या सुरू झाल्या. आठ दिवसांचा हप्ता मात्र ज्याचा त्याने भरला. जानेवारी २०२४ मध्ये ‘हिट अँड रन’च्या कलमाविरुद्ध टँकरचालक थांबले, मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात, आणि दोन दिवसांत राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. सरकार लगेच बोलायला बसलं. म्हणजे ताकद आहे. ती ‘डिझेल स्वस्त करा’ या मागणीवर खर्च करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. उद्या पाच रुपये कमी झाले तरी दलाल परवा भाडं तेवढंच पाडेल, आणि पुढच्या वाढीला आपण पुन्हा तिथेच असू.

मागायला हवं ते वेगळं, आणि त्याला नवा कायदासुद्धा लागत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ६७ राज्य सरकारला भाड्याबाबत निर्देश द्यायचा अधिकार देतं. त्यात प्रवासी गाड्यांबरोबर माल वाहणाऱ्या गाड्याही स्पष्ट लिहिल्या आहेत, आणि कमाल दराबरोबर किमान दरही. मुंबईच्या रिक्षाचं भाडं ठरवताना सरकारला हा अधिकार आठवतो, ट्रकच्या बाबतीत तो पुस्तकातच राहतो. महाराष्ट्राने निदान एवढा निर्देश काढावा: राज्यात भरल्या जाणाऱ्या मालाच्या प्रत्येक बिल्टीवर त्या दिवसाचा डिझेल दर छापलेला असेल, दर ठरावीक मर्यादेपलीकडे बदलला तर भाडं सूत्राने बदलेल, आणि हा फरक प्रत्यक्ष गाडीमालकाला मिळेल, मधल्याला नाही. बाकी रकमेलाही मुदत हवी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे, असं २००६ चा कायदा सांगतोच. एका ट्रकचा मालक हाही उद्योजकच आहे, त्याला ती मुदत मिळवून देणं अवघड नसावं. बांधलेल्या अ‍ॅव्हरेजपोटी ड्रायव्हरचा पगार कापण्यावर बंदी हवी. आणि केंद्राने एक साधा नियम आधी जाहीर करावा, की कच्चं तेल इतकं चढलं तर शुल्क इतकं उतरेल. निवडणुकीच्या तारखा पाहून नाही, आकडा पाहून.

तुम्ही हे फोनवर वाचत असाल, आणि तुमच्यापैकी बरेच जण अशा कंपन्यांत असाल जिथे माल, कर्मचारी किंवा पार्सलं रोज कुणाच्या तरी गाडीतून जातात. कंपनीच्या बसचा किंवा रात्रीच्या कॅबचा करार कुणीतरी तुमच्याच मजल्यावर बसून करतो. त्याला विचारा: या करारात डिझेलचं कलम आहे का? असेल तर ती वाढ गाडी चालवणाऱ्यापर्यंत जाते का? खरेदी खात्यातल्या माणसाला हा प्रश्न आवडणार नाही. तो म्हणेल, व्हेंडरचा प्रश्न आहे. तेव्हा त्याला कंपनीची फर्निचरपासून सर्व्हरपर्यंतची बाकीची कंत्राटं उघडून भाववाढीचं कलम कुठे कुठे आहे ते दाखवायला सांगा.